क्रेमरबाईंच्या बागेची तपासणी

ब्रांडेनबुर्ग गेट दळवींनी पास केले आहे.

ही तपासणी एका जूनमध्ये, भर दुपारी, पुण्याहून आलेल्या चार पाहुण्यांच्या देखत झाली. पाहुणे फोटो काढत होते. दळवींनी पहिल्या खांबाला गाल टेकवला, एक डोळा मिटला आणि वर पाहिले. मग खिशातून ओळंबा काढून त्याची दोरी धरून ते उभे राहिले. भोवतीचे पर्यटक आदराने बाजूला झाले. हा माणूस सरकारी असावा असा त्यांचा समज झाला. बाराही खांब पाहून झाल्यावर दळवी म्हणाले, “आल्झो, पास.” आल्झो म्हणजे जर्मनमधले ‘तर मग’.

“आणि नापास झालं असतं तर?” एका पाहुण्याने विचारले.

“कळवलं असतं,” दळवी म्हणाले.

कोणाला, हे त्यांनी सांगितले नाही.

रमाकांत दळवी यांचे वय एकोणसत्तर. भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून त्यांनी सुरुवात केली. पुढे टर्बाइनच्या कामावर बर्लिनला आले आणि इथेच निवृत्त झाले. त्याला चार वर्षे झाली. तपासणी मात्र थांबलेली नाही. फक्त तिची हद्द वाढली आहे. त्यांच्या वहीत तीनच शेरे असतात: पास, रीवर्क आणि रिजेक्ट. पूर्वी हे शेरे टर्बाइनच्या पात्यांना मिळत. आता शहराला मिळतात.

टिअरगार्टन या मोठ्या बागेतला सोनेरी देवीचा विजयस्तंभ ‘रीवर्क’मध्ये आहे. “हा आधी संसदेसमोर होता,” दळवी पाहुण्यांना सांगतात. “तिथून उचलून इथे आणला. म्हणजे पहिल्या वेळी कोणी नीट तपासलं नव्हतं.” कॅथेड्रलचा हिरवा घुमट पास आहे, कारण हिरवेपणा हा दोष नसून तांब्याचा स्वभाव आहे. दूरदर्शनच्या मनोऱ्याचा निकाल राखून ठेवला आहे. उन्हाळ्यात त्याच्या स्टीलच्या गोळ्यावर ऊन पडले की त्यात चमकणारा क्रूस दिसतो. ज्यांनी मनोरा बांधला त्यांना तो नको होता. “ड्रॉइंगमध्ये नसलेली वस्तू आहे ती,” दळवी म्हणतात. “दिसते छान. पण कागदावर आहे का?”

‘कागदावर आहे का?’ हा त्यांचा आवडता प्रश्न. दुसरे पालुपद, ‘डोळ्याला दिसतं ते माप नव्हे.’ मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होतो, म्हणून ते मला ‘उपसंपादक’ म्हणतात. इथले बाकीचे मराठी लोक सौजन्याने ‘संपादक’ म्हणतात. दळवींना ते चालत नाही. ते कागदावर नाही.

आम्ही बर्लिनच्या मोआबिट भागात एकाच इमारतीत राहतो. दळवी दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. इमारत जुनी आहे. उंच छत, करकरणारा लाकडी जिना, मागच्या चौकात सायकली आणि एक मोठे चेस्टनटचे झाड. जुलै लागला की ही इमारत रिकामी होते. कोणी समुद्राकडे जाते, कोणी डोंगरात. जाण्यापूर्वी प्रत्येक जण आपली किल्ली दळवींकडे देतो. त्यांच्या दारामागे एक फळी आहे. तिच्यावर नऊ खिळे आणि नऊ चिठ्ठ्या. सकाळी आठ वाजता ते मोजपात्र घेऊन निघतात आणि नऊ घरांतल्या झाडांना पाणी घालतात. जिरेनियमला अडीचशे मिली, तुळशीला शंभर. अंदाज नाही.

दोन उन्हाळे मी त्यांच्याबरोबर ही फेरी केली आहे, आणि बर्लिनची ओळख मला त्या फेरीतूनच झाली असे म्हणायला हरकत नाही. बंद पडद्यांतून लाकडी जमिनीवर पडलेले ऊन. कोणाच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत वाळत टाकलेला पुदिना. पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून दिसणारी छपरे, त्यांच्यापलीकडे वीजकेंद्राची धुराडी, आणखी पलीकडे तो क्रूसवाला मनोरा. खाली लिंडनच्या झाडांतून चिकट रस ठिबकून गाड्यांच्या टपांवर साचलेला असतो आणि त्या वासाने अख्खी गल्ली गोड झालेली असते. दळवी बाल्कनीत उभे राहून हे सगळे पाहतात. मग म्हणतात, “कठडा दोन मिलिमीटर ढिला आहे. आल्यावर सांगायला पाहिजे.”

त्यांच्या पत्नी नलिनीताई या तपासणीत एक्केचाळीस वर्षे आहेत, असे त्या स्वतः सांगतात. “एक्केचाळीस कागदावरची,” त्या म्हणतात. “वाटतात पन्नास.”

बघण्याच्या कार्यक्रमाची गोष्ट त्या प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. दळवींच्या समोर सांगतात, म्हणजे दुरुस्तीला वाव राहतो.

“पोहे घेऊन गेले. हे पोह्यांकडे बघेनात. दाराच्या चौकटीकडे बघतायत. मग माझ्याकडे. मग परत चौकटीकडे. म्हणाले, पाच फूट दोन इंच लिहिलंय, पण पाच एक वाटते.”

“पाच एकच निघाली,” दळवी म्हणाले.

“माझे वडील उठून उभे राहिले होते.”

“मी घेतलं ना पण? कन्सेशनवर घेतलं.”

कन्सेशन म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. एखादा भाग मापात किंचित चुकला, पण कामाला चांगला असला, तर तो लेखी कारण देऊन स्वीकारायचा. कागदावर मर्यादा लिहायची, प्रत्यक्ष माप लिहायचे, कारण लिहायचे, खाली सही. तोंडी चालत नाही.

“कारण काय लिहिलं होतं?” मी विचारले.

“ते विचारू नका, उपसंपादक,” दळवी म्हणाले, आणि नलिनीताई स्वयंपाकघरात गेल्या.

खोटी सही मात्र त्यांनी कधी केली नाही. भोसरीत असताना नलिनीताईंच्या भावाचे छोटे वर्कशॉप होते. त्याने टेम्पोभर शाफ्ट पाठवले. दळवींनी मोजले आणि टेम्पो तसाच परत पाठवला. मेहुणा रात्री घरी आला, बहिणीच्या हातचे जेवला आणि म्हणाला, भाऊजी, केसाएवढा फरक आहे. दळवी म्हणाले, केस केवढा असतो ते सांगतो, आणि मायक्रोमीटर आणायला उठले.

“माझा भाऊ चार भाऊबिजांना आला नाही,” नलिनीताई म्हणतात.

“पाचव्या वर्षी आला ना?” दळवी म्हणतात. “शाफ्ट पण बरोबर आणले होते.”

हे सर्व सांगायचे कारण, मागच्या उन्हाळ्यात घडलेली गोष्ट त्याशिवाय कळणार नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर क्रेमरबाई राहतात. वय चौऱ्याऐंशी. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. कालव्याच्या काठी, बसने दोन थांब्यांवर, छोट्या बागांची एक वसाहत आहे. बर्लिनमध्ये अशा वसाहती पुष्कळ आहेत. शहरातल्या माणसाला जमिनीचा एक तुकडा भाड्याने मिळतो. त्यावर एक लाकडी खोली, दोन-चार झाडे, भाजीचे वाफे आणि एक खुर्ची. क्रेमरबाईंकडे असा तुकडा चाळीस वर्षांहून अधिक काळ आहे. लाकडी खोली त्यांच्या नवऱ्याने बांधली. एप्रिल ते ऑक्टोबर बाई तिथेच सापडतात.

मे महिन्यात त्या बसमधून उतरताना पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि पुढे चालायला शिकण्यासाठी त्यांना शहराबाहेरच्या एका केंद्रात पाठवले. जाताना त्यांनी दळवींना तीन किल्ल्या दिल्या: घराची, बागेची आणि टपालपेटीची. सरकारी पत्र आले तर उघडा आणि फोनवर वाचून दाखवा, असे सांगितले. आणि टोमॅटोला पाणी घाला.

जूनच्या अखेरीला बागांच्या संघाचे पत्र आले. दळवी ते घेऊन माझ्याकडे आले आणि दारातच उभे राहिले.

पत्र सभ्य होते. वसाहतीच्या नियमानुसार बागेचा तिसरा हिस्सा फळे आणि भाजीपाल्यासाठी असला पाहिजे. क्रेमरबाईंच्या बागेत बहुतांश गवत वाढले आहे. झुडपांचे कुंपण सव्वा मीटरपेक्षा उंच असता कामा नये, ते आहे. ही दुसरी सूचना आहे. चार आठवड्यांनी पाहणी होईल. त्या वेळी बाग नियमात नसेल, तर भाडेकरार संपवण्यात येईल.

“पत्र बरोबर आहे,” दळवी म्हणाले. “मी जाऊन मोजून आलो. दोनशे चाळीस चौरस मीटरची बाग. ऐंशी पाहिजेत, एकोणतीस आहेत. कुंपण एक मीटर बावन्न.”

“बाईंना सांगितलं का?”

“आज विम्याचं पत्र वाचून दाखवलं. हे नाही दाखवलं.”

नलिनीताई मागून जिना चढून आल्या होत्या. “अहो, त्यांचं पत्र आहे. सांगायला नको का?”

“चालायला शिकतायत त्या,” दळवी म्हणाले. “हे वाचलं तर धावत येतील.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे बागेत गेलो. एक सफरचंदाचे झाड, लाल बेरीची झुडपे, टोमॅटोची एक रांग, आणि बाकी गुडघाभर गवत. दोन वर्षांत बाईंना वाकता येईनासे झाले होते, हे बागेकडे पाहून कळत होते. त्यांनी कोणाला सांगितले नव्हते.

आधी कुंपण घ्यावे असे ठरले. दळवींनी मोठी कात्री उघडली, एक फांदी बाजूला केली आणि कात्री मिटली. आत आम्झेलचे घरटे होते. आम्झेल हा इथला कावळ्यापेक्षा लहान, काळा, पिवळ्या चोचीचा गाणारा पक्षी. घरट्यात निळसर हिरवी तीन अंडी होती. शिवाय, दळवींनी नियम काढून पाहिला तर मार्च ते सप्टेंबर कुंपण मुळापर्यंत छाटायला देशाच्या कायद्याची बंदी. संघ म्हणतो कापा, देश म्हणतो कापू नका, आणि पक्षी बसलेला.

“दोन ड्रॉइंग आहेत आणि ती जुळत नाहीत,” दळवी म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर पडला होता. मग फांदी हळूच सोडली आणि म्हणाले, “कुंपणाचं नंतर बघू. जमीन घ्या.”

मग आम्ही गवत खणले. मी, एकोणसत्तर वर्षांचे दळवी, आणि सूचना द्यायला नलिनीताई. वसाहतीत एक ते तीन शांततेची वेळ असते. त्या दोन तासांत कुदळ चालवायची नाही. दळवी त्या वेळात कुजबुजत. मी कुजबुजलो नाही तर बोट ओठांवर ठेवत. शेजारच्या बागांत माणसे छत्रीखाली डुलक्या घेत, कुठे मुले प्लास्टिकच्या टबात बसलेली असत, कालव्यातून एखादी पर्यटकांची नाव जाई आणि त्यातले लोक हात हलवत. आम्ही मातीने भरलेले हात हलवत असू. मागे वळून पाहता इतके चांगले चार आठवडे मी या शहरात दुसरे घालवलेले नाहीत.

एक्कावन्न चौरस मीटर जमीन मोकळी झाली. तिच्यात चार आठवड्यांत काय उगवेल, हा प्रश्न होता. नलिनीताईंनी तो स्वयंपाकघरातल्या बरणीने सोडवला. मराठी माणसाला रिकामी जमीन आणि महिन्याची मुदत दिली तर तो मेथी पेरतो. बरणी संपली, तेव्हा दुकानातून आणखी आणली. कडेने त्यांनी धणे चपलेखाली रगडून टाकले. उरलेल्या कोपऱ्यात दळवींनी मुळे आणि घेवडा लावला, पट्टीने अंतर मोजून. मेथी मात्र नलिनीताईंनी मुठीने फेकली. दळवींनी तोंड दुसरीकडे वळवले.

एका दुपारी आम्ही घेवड्याला काठ्या बांधत होतो. नलिनीताई नळावर गेल्या होत्या. मी सहज म्हणालो, शेजारणीसाठी तुम्ही फार करता आहात.

दळवींनी गाठ पूर्ण केली.

“आम्ही आलो तेव्हा मी साइटवर असायचो,” ते म्हणाले. “सोमवारी जायचो, शुक्रवारी यायचो. पाच दिवस ही एकटी. एकही ओळखीचं माणूस नाही, भाषा नाही. एका शुक्रवारी आलो तर ही बोलेचना. मला वाटलं चिडली. चिडली नव्हती. बोलायची सवय गेली होती.”

त्यांनी दुसरी काठी घेतली.

“त्यानंतरच्या शुक्रवारी आलो तर ही घरात नाही. शोधत शोधत इथे आलो. ही या सफरचंदाखाली बसून वाटाणे सोलत होती आणि क्रेमरबाईंशी भांडत होती. जर्मनमध्ये नाही, मराठीत. त्या जर्मनमध्ये भांडत होत्या. वाटाणे कच्चे खायचे की नाही यावर. बाईंनी जिन्यात हिचा हात धरला होता आणि थेट इथे आणलं होतं. मग रोज आणलं. तीन उन्हाळे.”

“तुम्ही कधी आभार मानले?”

“तेव्हा मला जर्मनमध्ये फक्त मशीनचे भाग येत होते,” दळवी म्हणाले. “आणि यायला लागलं तोवर फार दिवस झाले होते. आता कुठून सुरू करायचं, ते कळत नाही.”

नलिनीताई पाणी घेऊन आल्या. “काय सांगताय त्यांना?”

“घेवड्याचं अंतर,” दळवी म्हणाले.

पाहणीच्या दिवशी संघाचे प्रमुख ‘हेर’ यानके, म्हणजे जर्मनमधले श्रीयुत यानके, एकटेच आले. सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे, हातात कागद लावलेली लिहायची पाटी, कमरेला गुंडाळलेला मोजायचा टेप. दळवी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभे होते. आयुष्यभर ते तपासणीस म्हणून फाटकाच्या दुसऱ्या बाजूने आत गेले होते. त्यांची नजर आधी यानकेंच्या कमरेवर गेली.

“हा टेप कापडी आहे,” ते म्हणाले. “ताणतो.”

“तीस वर्षं हाच आहे,” यानके म्हणाले.

“म्हणजे तीस वर्षं ताणतोय.”

“अहो,” नलिनीताई मराठीत म्हणाल्या, “त्यांचा टेप राहू दे. आपली बाग जाईल.”

यानके आत आले आणि मेथीसमोर थांबले. एक्कावन्न चौरस मीटरमधली बहुतेक जागा हिरवीगार झाली होती, ढोपराखालपर्यंत. त्यांनी एक पान चिमटीत धरले.

“हे हिरवं खत आहे,” ते म्हणाले. “जमीन सुधारायला पेरतात. भाजी नव्हे. तुम्ही गवत काढून पुन्हा गवत लावलंत.”

दळवींनी तोंड उघडले, पण नलिनीताई आधीच वाफ्यात उतरल्या होत्या. त्यांनी दोन हातांत मावेल एवढी मेथी उपटली, मुळांची माती झटकली, खुर्चीवर बसल्या आणि मांडीवर चाळण घेऊन निवडायला लागल्या. पाने चाळणीत, काड्या बाजूला. त्या वर पाहत नव्हत्या. मेथी निवडायला बसलेल्या बाईशी वाद घालता येत नाही, हे जर्मन माणसालाही लवकर कळते. यानके पाच मिनिटे उभे राहून पाहत होते.

“हे सगळं असंच खायचं?” त्यांनी विचारले.

“शिजवून,” नलिनीताई जर्मनमध्ये म्हणाल्या. “आज सहा घरांत जाणार आहे. तुमच्या घरी किती माणसं?”

“दोन.”

“मग सात घरांत.”

यानकेंनी कागदावर ‘भाजीपाला’ लिहिले. नलिनीताईंनी श्वास सोडला. यानके टेपकडे हात नेत होते, तेवढ्यात दळवी म्हणाले, “दीड चौरस मीटर कमी आहे.”

सगळे थांबले. नलिनीताईंच्या हातातली काडी हातातच राहिली.

“मधली पायवाट हलवता आली नाही, ती नव्या एक्कावन्नातच येते,” दळवी पुढे म्हणाले. “साडेअठ्ठ्याहत्तर होतात. ऐंशी पाहिजेत.”

“दिसायला तर तृतीयांश आहे,” यानके सावकाश म्हणाले. “अंदाजे.”

“अंदाजे नाही. कमी आहे.”

“देवा,” नलिनीताई मराठीत म्हणाल्या, “माझ्या भावाचे शाफ्ट परत आले.”

यानकेंनी दळवींची वही मागितली. बागेचा नकाशा, प्रत्येक वाफ्याचे माप, झाडांची वर्तुळे. ते बराच वेळ वाचत होते. मग त्यांनी बेरीच्या झुडपांवर बोट ठेवले. “हे कुठून मोजलं?”

“बुंध्यापासून.”

“आमच्याकडे झुडूप पानांच्या कडेपर्यंत मोजतात. नियमावलीत आहे. पान सात.”

“कागदावर आहे?” दळवींनी विचारले.

यानकेंनी पान सात उघडून दाखवले. मग दोघे म्हातारे गुडघ्यांवर बसून झुडपांभोवती फिरले, एकाने टेपचे एक टोक धरले, दुसऱ्याने दुसरे. टेप दळवींचा, स्टीलचा होता. एक्क्याऐंशी चौरस मीटर आणि वर थोडे भरले. दळवींनी वहीतला जुना आकडा खोडला, नवा लिहिला आणि जर्मनमध्ये आभार मानले, “डांके.”

राहिले कुंपण. तिथे दळवींनी खिशातून एक कागद काढला. तो त्यांनी आधीच टाइप करून आणला होता. मर्यादा: एक मीटर पंचवीस. प्रत्यक्ष: एक मीटर बावन्न. कारण: आम्झेलचे घरटे, पिल्ले तीन, शिवाय कायदा. दुरुस्तीची मुदत: एक ऑक्टोबर. जबाबदार व्यक्ती: दळवी. खाली यानकेंच्या सहीसाठी रेघ.

यानकेंनी कागद वाचला. कुंपणाकडे गेले, फांदी बाजूला केली. आतून तीन चोची उघडल्या. त्यांनी फांदी सोडली आणि पाटीवर ठेवून सही केली.

फाटकापाशी ते थांबले. “क्रेमरबाईंच्या नवऱ्याला अशी पत्रं आमच्या आधीच्या प्रमुखांनी पाठवली, मग मीही पाठवली,” ते म्हणाले. “दर दोन वर्षांनी एक. कधी कुंपण, कधी खोलीचं छप्पर. पुढच्याच रविवारी तो सगळं सरळ करायचा आणि मला सांगायचा, बायकोला यातलं काही कळता कामा नये.” मेथीची जुडी काखेत घेऊन ते निघून गेले.

क्रेमरबाई ऑगस्टच्या शेवटी परतल्या. दोन दिवस घरी राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, बागेत न्या. टॅक्सीने गेलो. चाकांच्या आधारगाडीला धरून त्या फाटकातून आत आल्या, एका बाजूला नलिनीताई. ऊन उतरू लागले होते. सफरचंदे लाल व्हायला लागली होती. मेथीची दुसरी पेरणी वर आली होती.

बाई बराच वेळ उभ्या राहून पाहत होत्या.

“माझं गवत कुठे गेलं?” त्यांनी विचारले.

“नलिनीला मेथी हवी होती,” दळवी म्हणाले.

नलिनीताईंनी त्यांच्याकडे पाहिले. मग बाईंकडे पाहून मान हलवली. “हो. मला फार लागते.”

आम्ही त्यांना सफरचंदाखाली खुर्चीत बसवले. नलिनीताई शेजारी बसल्या आणि चाळण घेतली. बाईंनी वाफ्यात हात घालून एक काडी तोडली, चावली, तोंड वाकडे केले आणि चावत राहिल्या. त्यांची नजर कुंपणावरून, वाफ्यांवरून, नेमक्या अंतरावर लावलेल्या घेवड्यावरून फिरली.

“हेर दळवी,” त्या म्हणाल्या, “मी नसताना संघाचं काही पत्र आलं का?”

पत्र दळवींच्या शर्टाच्या खिशात होते. त्याची घडी बाहेरून दिसत होती. निदान मला दिसत होती. ते त्यांच्या फायलीत लावायचे राहिले असणार.

“नाही,” दळवी म्हणाले.

नलिनीताईंचा हात चाळणीवर थांबला. कागदावर असलेल्या गोष्टीला दळवी ‘नाही’ म्हणताना त्यांनी एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकले असावे.

क्रेमरबाईंनी डोके मागे टेकवले आणि झाडातून वर पाहिले.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “माझ्या नवऱ्यालाही कधी आलं नाही. इतक्या वर्षांत एकही नाही.”

दळवींनी मान खाली घातली आणि बोटाने बुटावरची माती काढू लागले. बाईंनी चाळण आपल्या मांडीवर ओढून घेतली आणि नलिनीताईंना विचारले की काड्या कुठे टाकायच्या.